उडी कुणाची

“मावशी, तू उडी लवकर मारतेस.”

भाचा शेजारी मांडी घालून बसला होता, अगदी सहज बोलून गेला. मी तिसऱ्यांदा त्याच खड्ड्यात पडले होते. खड्डा काही अवघड नव्हता. एक फळी, मध्ये अंतर, पलीकडे दुसरी फळी. असले खड्डे मी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून ओलांडत आले आहे, याच व्हिडिओ गेमच्या पहिल्या भागात, याच पात्राला घेऊन. पण या नव्या भागात हवेत गेलेलं ते पात्र किंचित आधीच खाली यायला लागायचं. किती आधी, ते डोळ्यांना दिसणार नाही इतकं. रंग तेच होते, धावताना मागे उडणारी धूळ तीच होती, उडी मारताना तोंडातून निघणारा बारीकसा हुंकारही जवळपास तोच होता. डोळ्यांची काही तक्रार नव्हती, कानांचीही नव्हती. अंगठा मात्र सारखा सांगत होता की हा तो नाही. चौथ्यांदा पडले तेव्हा भाच्याने हात पुढे केला, एका दमात खड्डा ओलांडून दिला आणि कंट्रोलर परत माझ्या हातात ठेवला.

ते मला लागलं. खड्ड्यात पडल्याचं नाही, गेम म्हटला की पडणं आलंच. लागलं ते हे, की जी गोष्ट मला या घरात सगळ्यात चांगली येत होती, ती मला आता कुणीतरी समजावून सांगत होतं, आणि त्याचं म्हणणं बरोबरही होतं. तो झोपायला गेल्यावर मी मेनूत जाऊन क्रेडिट्स लावले. नावांची लांबच लांब यादी वर सरकत राहिली. पहिल्या भागाच्या शेवटी येणारी नावं मला अजून पाठ आहेत, कारण तेव्हा गेम संपला की आम्ही यादी शेवटपर्यंत बघायचो, काहीतरी गुपित दिसेल या आशेने. त्यातलं एकही नाव या यादीत नव्हतं. स्टुडिओच वेगळा होता. डब्यावरचं नाव तेच, पात्र तेच, आणि बनवणारे हात पूर्ण दुसरे.

आम्ही म्हणजे मी आणि ताई, या भाच्याची आई. कंट्रोलर एकच होता, म्हणून एक जीव तिचा, एक जीव माझा, असा करार होता. मेलं की कंट्रोलर दुसरीकडे. तो हातात यायचा तेव्हा गरम असायचा, कडांना जरा चिकट. ताई प्रत्येक खड्ड्याच्या काठावर थांबायची, पायाखाली बघायची, मगच उडी मारायची. मी धावतच यायचे आणि काठ यायच्या आधीच बटण दाबायचे, कारण उडी पोचते हे अंगात भिनलं होतं. एकाच पात्राला आम्ही दोघी इतक्या निराळ्या तऱ्हेने चालवायचो की दुसऱ्या खोलीतून नुसते आवाज ऐकून आईला कळायचं, आत्ता कुणाची पाळी आहे ते.

गेममधली उडी ही खऱ्या जगातली उडी नसतेच. वर जाताना गुरुत्वाकर्षण एक असतं आणि खाली येताना बहुतेक वेळा जास्त ठेवलेलं असतं, नाहीतर पात्र फुग्यासारखं तरंगतं. बटण नुसतं टिचकी मारून सोडलं तर छोटी उडी, दाबून धरलं तर मोठी. चांगल्या गेममध्ये पाय काठावरून सुटल्यानंतरही दोन-चार फ्रेम, म्हणजे पडद्यावरची दोन-चार स्थिर चित्रं सरकेपर्यंत, उडी मान्य केली जाते. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम म्हणजे साधारण 17 मिलिसेकंद. तेवढ्या सवलतीमुळे खेळणाऱ्याला वाटतं, मी अगदी वेळेवर दाबलं. जमिनीला टेकण्याआधीच बटण दाबलं गेलं तर गेम ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी मारतो. हे सगळं शेवटी आकडे असतात. कुणीतरी रात्र-रात्र बसून ते आकडे वरखाली केलेले असतात, बदलायचे, खेळून बघायचं, पुन्हा बदलायचे, आणि मग एका क्षणी शेजारचा माणूस म्हणतो, “हां, आता.” आकडे फाइलमध्ये राहतात. ते “हां, आता” कुठल्याच फाइलमध्ये नसतं.

माझ्यासारखं अनेकांचं झालं आहे हे मला मागाहून कळलं. 2017 मध्ये क्रॅश बँडिकूटचे पहिले तीन गेम नव्याने बांधून एकत्र आले. मूळ गेम नॉटी डॉगचे, नवी बांधणी व्हिकेरियस व्हिजन्सची. दिसायला देखणं काम. पण जुने खेळाडू पहिल्याच भागात धडाधड पडायला लागले, विशेषतः त्या दोरीच्या पुलांवर, जिथे पुढचं धुक्यात असतं आणि मधल्या फळ्या कुजलेल्या असतात. स्टुडिओने मग स्वतःच मोकळेपणाने सांगितलं की तिन्ही गेमच्या हालचालींसाठी त्यांनी तिसऱ्या भागातलं वळण पायाभूत धरलं होतं, त्यामुळे पहिल्या भागाच्या मानाने उडी लवकर खाली येते. शिवाय पात्राभोवती जो न दिसणारा आकार असतो, ज्यावरून गेम ठरवतो की पाय टेकला की नाही, तो आता औषधाच्या कॅप्सूलसारखा होता, खालून गोल. काठावर अर्धं पाऊल पडलं की पात्र घसरायचं. पूल 1996 चे, उडी 1998 ची. ते स्पष्टीकरण वाचल्यावर मी बराच वेळ स्वस्थ बसले. माझा अंगठा खोटं बोलत नव्हता तर.

मग प्रश्न उरतो तो साधा. ज्यांनी बनवलं तेच पुढचा भाग का बनवत नाहीत?

लहानपणी मला वाटायचं, गेम ज्याने बनवला त्याचाच असतो, चित्र काढणाऱ्याचं चित्र असतं तसं. तसं क्वचितच असतं. गेम बनवायला दोन-तीन वर्षं लागतात, तेवढे दिवस पगार कुणीतरी द्यावे लागतात, आणि जो पगार देतो तो बहुधा नावाचा मालकही होतो. क्रॅश हे पात्र नॉटी डॉगने घडवलं, पण मालकी युनिव्हर्सलकडे होती. 1996 ते 1999 या काळात चार गेम करून नॉटी डॉगने हात बाजूला घेतला आणि स्वतःचं नवं जग सुरू केलं. 2001 मध्ये, प्लेस्टेशन 2 वर, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने दोन गेम आले. एक त्यांचा जॅक अँड डॅक्स्टर. दुसरा नवा क्रॅश, ट्रॅव्हलर्स टेल्स नावाच्या वेगळ्याच स्टुडिओने केलेला. दुकानात ते दोन डबे शेजारी शेजारी असतील, आणि जो मुलगा क्रॅशवर जीव टाकून होता त्याने नाव बघून क्रॅशच उचलला असेल. त्याचा आवडता गेम करणारी माणसं शेजारच्या डब्यात होती, हे त्याला कोण सांगणार?

पण मला सगळ्यात जास्त छळते ती मॅक्स पेनची गोष्ट. पहिला भाग 2001 चा, फिनलंडच्या रेमेडी या स्टुडिओचा. बर्फाळ न्यूयॉर्क, रात्र, हवेत थांबलेल्या गोळ्या, आणि बायको-मुलगी गमावलेल्या पोलिसाचं ते खर्जातलं स्वगत. नट घ्यायला पैसे नव्हते म्हणून लेखक सॅम लेकने स्वतःचा चेहरा दिला. तो चमत्कारिक आक्रसलेला चेहरा ज्याने पाहिला तो विसरत नाही. आवाज जेम्स मॅककॅफ्रीचा. 2002 मध्ये रेमेडीने मॅक्स पेनचे हक्क टेक-टू या कंपनीला विकले, 1 कोटी डॉलर रोख आणि वर शेअर. दुसरा भाग 2003 मध्ये रेमेडीनेच केला, पण मॅक्सला चेहरा दुसऱ्या नटाचा आला. तिसरा भाग 2012 मध्ये आला तो टेक-टूच्याच रॉकस्टारने केलेला. साओ पावलोचं ऊन, डोकं भादरलेला, दाढी वाढलेला, थकलेला मॅक्स. यावेळी चेहराही मॅककॅफ्रीचाच होता. तीन भाग, तीन चेहरे, आवाज एक.

तिसरा भाग मी रागारागाने सुरू केला होता. हा आमचा मॅक्स नव्हेच, असं ठरवूनच बसले होते. बर्फ कुठे आहे? ती अंधारी गल्ली कुठे आहे? आणि मग तो बोलला. खोलीत एकटा, ग्लास हातात, तोच घोगरा, स्वतःवरच चिडलेला आवाज. माझा राग तिथेच विरघळला असं म्हणणार नाही, पण तो जागचा हलला खरा. दहा वर्षांनी एखादा ओळखीचा माणूस दुसऱ्याच शहरात, दुसऱ्याच कपड्यांत भेटावा आणि त्याने नुसतं “कशी आहेस?” म्हटल्याबरोबर ओळख पटावी, तसं काहीसं. गेम उत्तम होता. गोळीबार तर पहिल्या दोन्हींपेक्षा वजनदार. तरी खेळून झाल्यावर मला रेमेडीची आठवण येत राहिली, आणि त्या आठवणीबद्दल रॉकस्टारच्या माणसांशी मी अन्याय करते आहे असंही वाटत राहिलं. दोन्ही एकदम.

पुढे जे झालं ते मला अजून गहिवरून टाकतं. 2023 मध्ये रेमेडीचा ॲलन वेक 2 आला. त्यात ॲलेक्स केसी नावाचा एक एफबीआयचा माणूस आहे. चेहरा सॅम लेकचा, आवाज जेम्स मॅककॅफ्रीचा. मॅक्स पेन हे नाव वापरायचा हक्क त्यांच्याकडे नव्हता. चेहरा मात्र स्वतःचा होता आणि आवाज मित्राचा, ते दोन कुणाच्या कागदावर चढलेले नव्हते. बावीस वर्षांनी ते दोघं पुन्हा एका देहात उभे राहिले. गेम ऑक्टोबरमध्ये आला आणि डिसेंबरमध्ये मॅककॅफ्री गेला. त्याआधी 2022 मध्ये रेमेडीने जाहीर केलं होतं की मॅक्स पेनचे पहिले दोन भाग ते नव्याने करणार आहेत, रॉकस्टारच्या पैशाने. विकलेलं घर परत बांधून द्यायला जुन्याच गवंड्याला बोलावणं आलं. तो आवाज आता नसेल.

या गोष्टी कळत गेल्या तसा माझा राग जागा बदलत गेला. आधी तो सरळ नव्या स्टुडिओवर असायचा. यांनी वाट लावली, संपला विषय. पण नव्या स्टुडिओच्या हाती नेमकं काय पडतं? नाव पडतं, चाहत्यांची अपेक्षा पडते, आणि एक तारीख पडते. सायलेंट हिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागाची एचडी आवृत्ती 2012 मध्ये निघाली तेव्हा ती करणाऱ्यांना मिळालेला कोड अंतिम नव्हता. अंतिम कोड जपूनच ठेवलेला नव्हता. मूळ टीमने केव्हाच निस्तरलेले बग, म्हणजे कोडमधल्या चुका, या माणसांना पुन्हा एकदा निस्तरावे लागले. शिव्या अर्थातच त्यांनी खाल्ल्या. स्टार वॉर्सचा नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक बायोवेअरने जुलै 2003 मध्ये दिला. पुढचा भाग करण्यापेक्षा त्यांना स्वतःच्या मालकीचं जग हवं होतं, म्हणून काम ऑब्सिडियनकडे गेलं. दुसरा भाग डिसेंबर 2004 मध्ये बाजारात होता. मध्ये सतरा महिने. शेवट तुटका निघाला, एक आख्खा ग्रह गळाला. पण गळालेल्या भागाचे संवाद फाइलींमध्ये पडून होते, आणि पुढे कित्येक वर्षं खेळाडूंनीच ते शोधून, जोडून, गेम पुरा करत नेला. कुणी पैसे दिले नव्हते त्यांना. ज्यांनी तो लिहिला तेही नाहीत आणि ज्यांच्या मालकीचा तो तेही नाहीत, तिसऱ्याच कुणीतरी बसून ते शिवलं. मी ती शिवलेली आवृत्ती खेळले आहे. टाके कुठे कुठे दिसतात. ते दिसले की मला बरंच वाटतं.

कधी कारण निव्वळ वेळापत्रकाचं असतं. कॉल ऑफ ड्यूटी दरवर्षी हवा म्हटल्यावर एका स्टुडिओच्याने ते होणं शक्यच नव्हतं, म्हणून इन्फिनिटी वॉर्ड आणि ट्रेआर्क यांच्या पाळ्या लागल्या, पुढे त्यात तिसरा आला. त्यात मला फारसं काही वाटत नाही. ती पाळी उघड होती, खेळणाऱ्यांनाही ठाऊक होती, आणि कुठल्या वर्षी कुणाचा येणार यावर आपापली आवडही ठरलेली होती.

टूम रेडरचं मात्र बघा. कोअर डिझाइन या मूळ स्टुडिओच्या लाराचं, म्हणजे नायिकेचं, सगळं जग चौकोनी ठोकळ्यांवर बेतलेलं होतं. काठावर यायचं, एक उडी मागे घ्यायची, धावायचं, आणि बटण धरून ठेवायचं. नेम चुकणारच नाही. पावलं मोजता यायची. 2003 चा भाग फसला आणि मालिका त्यांच्याकडून काढून क्रिस्टल डायनॅमिक्सला दिली गेली. 2006 ची नवी लारा मोकळी धावते, हाताने काठ पकडते, झुलते. ठोकळे गेले, मोजणं गेलं. ताईने ती कधीच मनापासून स्वीकारली नाही, मोजण्यातच तिचा जीव होता. मला ती फार आवडली. आणि गंमत ही, की लाराला जन्माला घालणारा टोबी गार्ड, जो पहिल्या भागानंतरच कोअर सोडून गेला होता, तो या नव्या घरी कामाला येऊन बसला होता. मग खरी लारा कुठली? जिथे पाटी तीच आहे तिथली, की जिथे माणूस आहे तिथली? फॉलआउटचंही तसंच. पहिले दोन भाग करणारा कंपू 2003 मध्ये घरी बसवला गेला, त्यांचा अर्धवट तिसरा भाग रद्द झाला, नाव बेथेस्डाकडे गेलं. त्यातल्या काहीजणांनी ऑब्सिडियन काढली होती. 2010 मध्ये बेथेस्डाने त्यांनाच बोलावून न्यू व्हेगास करायला दिला, आणि त्या रद्द झालेल्या गेममधलं धरण, त्यातली ती रोमन थाटाची फौज, असं कितीतरी तिथे उगवलं. मुदत होती दीड वर्ष. गेम निघाला तेव्हा बगांनी भरलेला होता. समीक्षकांच्या गुणांची सरासरी 85 झाली तर जादा पैसे मिळणार होते, ती 84 झाली. आज लोक त्या मालिकेतला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग म्हणून त्याचंच नाव घेतात. तो एक गुण मला माझाच गेल्यासारखा वाटतो.

आणि कधी अगदी परक्याने यावं आणि आपल्याला माहीत नसलेलं आपलंच काही दाखवावं, असंही होतं. मेट्रॉइड ही जपानी मालिका, बाजूने दिसणारी, सपाट. 1994 नंतर आठ वर्षं शांतता. मग टेक्सासच्या रेट्रो स्टुडिओजला ती मिळाली आणि त्यांनी कॅमेरा थेट नायिकेच्या डोळ्यांत नेऊन बसवला. चाहते आधीच भडकले होते. 2002 मध्ये गेम आला. वाफेजवळून गेलं की शिरस्त्राणाची काच धूसर होते, वर बघितलं की पावसाचे थेंब काचेवर पडतात. आणि एखादा स्फोट अगदी समोर झाला की त्या लख्ख उजेडात, काचेच्या आतल्या बाजूला, क्षणभर दोन डोळ्यांचं प्रतिबिंब दिसतं. सामसचे डोळे. इतकी वर्षं मी तिला बाहेरून पळवत होते, आणि पहिल्यांदा मला जाणवलं की आत कुणीतरी बाई आहे, आणि ती बघते आहे. ते तिच्या मूळ घरच्यांनी दाखवलं नव्हतं.

गेल्या महिन्यात ताई चार दिवस राहायला आली. माळ्यावरचं जुनं यंत्र मी खाली काढलं, पुसलं, वायरी जोडल्या. सुरू होईल असं वाटत नव्हतं, झालं. भाच्याला म्हटलं, हा पहिला भाग, खेळून बघ. तो मोठ्या आत्मविश्वासाने बसला, खड्ड्याच्या अगदी टोकाशी गेला, तिथून उडी मारली आणि पलीकडची फळी ओलांडून थेट पुढच्या खड्ड्यात. पुन्हा तेच. पुन्हा. “मावशी, हा चुकीचा उडतो,” तो वैतागून म्हणाला. मी काही बोलले नाही. त्याच्या अंगठ्याला जे कळत होतं ते बरोबरच होतं.

ताईने हात पुढे केला. पंधरा-वीस वर्षांत तिने कंट्रोलर धरला नसेल. काठावर आली, थांबली, पायाखाली पाहिलं, अर्धं पाऊल मागे घेतलं, आणि मगच उडी. पोचली. दुसरी फळी, पोचली. तिसरीवर पोचता पोचता घसरली.

“मेले,” ती म्हणाली, आणि स्क्रीनवरची नजर न काढता कंट्रोलर माझ्याकडे सरकवला.